सोलापुरात राहून दुकानं, ऑफिसं, गोडाऊनचं ब्रोकिंग करायचंय, जमेल का?

वाचकाचं पत्र:

ताई नमस्कार. मी 27 वर्षांचा, राहणार जुळे सोलापूर. बी.कॉम. झालंय, सध्या एका फायनान्स कंपनीत मालमत्ता तारण कर्जाच्या सेल्सला आहे, पगार 24 हजार आणि वर थोडं इन्सेंटिव्ह. दिवसभर दुकानदारांकडंच फिरतो त्यामुळं कुठलं दुकान चालतंय, कुठलं बंद पडायला आलंय हे कळतं, आणि आता मला कमर्शियल प्रॉपर्टीचा ब्रोकर व्हायचंय. काका विजापूर रोडला प्लॉटिंगचं काम करतात, ते म्हणतात माझ्याकडं ये, दुकानांच्या भाड्यात काय ठेवलंय. एका मित्राच्या ओळखीनं पुण्यात मोठ्या कन्सल्टन्सी कंपनीत ज्युनियरची जागा मिळू शकते. वडील यंत्रमागावर होते, आता घरीच असतात, आई म्हणते फिक्स पगार सोडलास तर लग्न कसं जमायचं. पुण्याला जाऊ का इथंच राहू? पैसे यायला किती वेळ लागतो? आणि जागा दाखवल्यावर मालक आणि भाडेकरू परस्पर जुळवून आपल्याला बाजूला करतात, त्यावर काय करायचं?

उत्तर:

भावा, तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू पहिल्या चार ओळीत सहज लिहून टाकलीस, कुठलं दुकान चालतंय आणि कुठलं बंद पडायला आलंय हे तुला कळतं. बऱ्याच जणांना वाटतं ब्रोकर म्हणजे ज्याच्याकडं जागांची यादी असते तो. यादी तर आता मोबाईलवर सगळ्यांकडंच असते रे, सकाळी व्हॉट्सॲपला एकच गाळा चार ग्रुपवर चार वेगवेगळ्या भाड्याला फिरत असतो. घराचं ब्रोकिंग जागेवर चालतं, किचन कुठल्या दिशेला, हवा येते का, शेजारी कोण. कमर्शियलचं ब्रोकिंग समोरच्याच्या धंद्यावर चालतं. त्याचा गल्ला किती, माल कशातून येतो, गिऱ्हाईक गाडी कुठं लावणार, भाडं गल्ल्याच्या किती टक्के झालं की त्याला झेपायचं नाही, हे ज्याला समजतं तोच इथं टिकतो. मी गेली बरीच वर्षं हेच काम करते त्यामुळं हे अगदी ठामपणे सांगते.

आता पुणं का सोलापूर. माझं मत, इथंच राहा. पुण्यातल्या मोठ्या कंपन्यांत म्हणजे जेएलएल, सीबीआरई, कुशमन, नाइट फ्रँक, कॉलियर्स वगैरे, तिथं काम विभागून असतं, ऑफिस लीजिंग वेगळं, रिटेल वेगळं, वेअरहाऊस वेगळं, गुंतवणुकीचे मोठे सौदे वेगळे. ज्युनियरला सुरुवातीला फोन करणं, एक्सेलमधी माहिती भरणं, क्लायंटला साइट दाखवायला गाडीत बसून खराडी नाहीतर चाकणला जाणं हेच असतं. वाईट नाही ते, शिस्त लागते, ईमेल कसा लिहायचा, जागेची तुलना कशी मांडायची हे शिकायला मिळतं. तुला जर आयटी कंपन्यांना पन्नास पन्नास हजार फूट ऑफिस द्यायचं स्वप्न असेल तर जा, कारण ते काम सोलापुरात नाही. पण तुझं पत्र वाचून मला तसं दिसलं नाही, तुला दुकानदार आवडतात. आणि पुण्यात तुला मार्केट पहिल्यापासून शिकावं लागेल, भाडं आणि मेस जाऊन हातात काय राहील ते बघ, इथं तुझी आजवरची पायपीट वाया जाईल ती वेगळीच.

अजून एक कारण आहे. कपड्यांचे, चष्म्यांचे, पिझ्झाचे, बुटांचे जे ब्रँड सोलापुरात येतात त्यांची जागा शोधणारी माणसं पुण्या-मुंबईत बसलेली असतात, त्यांना इथला सात रस्ता आणि आसरा चौक यातला फरक कळत नाही, ते इथल्या माणसावर अवलंबून असतात. त्यांना काय पाहिजे असतं? दर्शनी भाग किती फूट, स्लॅबपर्यंतची उंची किती, मंजूर वीजभार किती, वाढवून मिळेल का, बोर्ड लावायला जागा, पार्किंग, शेजारी कुठलं दुकान, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, मालकी कुणाच्या नावावर. इथले बहुतेक जण त्यांना दोन अंधारे फोटो आणि "मोक्याची जागा, लगेच फोन करा" एवढं पाठवतात. तू टेप घेऊन स्वतः मोजून एका पानावर हे सगळं नीट लिहून पाठवलंस ना, तर तो सौदा नाही झाला तरी पुढच्या जागेसाठी तो माणूस तुलाच फोन करणार.

पण एक पथ्य पाळ. फायनान्स कंपनीतल्या गिऱ्हाईकांची फाईल, कर्जाची माहिती, फोनची यादी यातलं काहीही उचलून या धंद्यात आणू नकोस. माणसं तुला ओळखतात ती ओळख तुझी, कंपनीच्या कागदातली माहिती तुझी नाही. सोलापूर तसं लहान आहे, एकदा बोभाटा झाला की चाटी गल्लीत सकाळी कळतं आणि संध्याकाळी मार्केट यार्डात.

आता काम कसं सुरू करायचं. पूर्ण सोलापूर धरू नकोस. एक पट्टा आणि जास्तीत जास्त दोन प्रकारच्या जागा. पुण्या-मुंबईचे ब्रोकर प्रत्येक इमारतीचा मजल्यावार तक्ता ठेवतात, कुठल्या मजल्यावर कोण, किती फूट, करार कधी संपतो, त्याला ते स्टॅकिंग प्लॅन म्हणतात. तसाच तक्ता तू एका रस्त्याचा कर. समज सात रस्ता ते होटगी रोड धरलास, तर डाव्या हाताचं प्रत्येक दुकान, उजव्या हाताचं प्रत्येक दुकान, मालक कोण, भाडेकरू कोण, अंदाजे भाडं, करार कधीपासून, लॉक-इन (ज्या काळात जागा मधेच सोडता येत नाही तो) कधी संपतं, वरचे मजले रिकामे आहेत का. पहिल्या दिवशी निम्मं सुद्धा कळणार नाही, हळूहळू चहाच्या टपरीवर, वॉचमनकडून, शटर रिपेअरवाल्याकडून कळत जातं. करार संपायच्या सहा-आठ महिने आधी तू मालकाला पण भेटलेला असशील आणि भाडेकरूला पण, बाकीचे ब्रोकर "टू लेट"चा बोर्ड लागल्यावर येतील. या तक्त्यातच सगळं आहे बघ, मी दुसरं काही न सांगता एवढंच सांगितलं असतं तरी चाललं असतं.

कुठला प्रकार धरायचा हे तू ठरव, मला सोलापुरात तीन ठिकाणी खरं काम दिसतं. एक म्हणजे दवाखाने आणि लॅब. कलबुर्गी, विजयपूर, धाराशिव, लातूरपासून पेशंट इथं येतात, त्यामुळं डॉक्टरांना जागा सतत लागते, आणि त्यांची गरज फार वेगळी असते, स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट, रॅम्प, जनरेटरची जागा, फायरची एनओसी, खाली मेडिकलला गाळा, रात्री अँब्युलन्स आत येईल एवढा रस्ता. दुसरं गोडाऊन आणि कारखान्याचे शेड. टॉवेल, चादर, युनिफॉर्म शिवणारे कितीतरी जण अजून पूर्व भागात घराच्या वरच्या मजल्यावर किंवा बोळात काम करतात, ऑर्डर वाढली की त्यांना अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीकडं जायचं असतं. तिथं एक लक्षात ठेव, एमआयडीसीचा प्लॉट मालकीचा नसतो, 95 वर्षांच्या लीजवर असतो, दुसऱ्याच्या नावावर करायचा तर महामंडळाची परवानगी आणि हस्तांतरणाचं शुल्क लागतं, पोटभाड्यानं द्यायचा तरी आधी त्यांना विचारावं लागतं. हे न सांगता टोकन घेणारे ब्रोकर आहेत, त्यांचे सौदे वर्षवर्ष लटकतात. तिसरं नवी पेठ, सात रस्ता, जुळे सोलापूरचे रस्त्यावरचे शोरूम, तिथं स्पर्धा जास्त आहे, पण ब्रँडवाले तिथंच येतात.

भाषेचं तू विचारलं नाहीस पण सांगते. इंग्रजी ईमेलपुरती आली तरी बास. साखर पेठ, भद्रावती पेठेत दोन वाक्यं तेलुगूत बोललास आणि अक्कलकोट रोडच्या व्यापाऱ्याशी चार शब्द कन्नडमधी, तर जागा दाखवायच्या आधीच खुर्ची मिळते.

आता हिशोब, कारण तुझ्या आईचा प्रश्न खरा आहे. समज 1500 फुटाचं शोरूम 60 रुपये फुटानं गेलं, महिन्याचं भाडं 90 हजार. आपल्याकडं साधारण एकेक महिन्याचं भाडं दोन्ही बाजूंकडून मागतात, मिळताना एका बाजूकडून पूर्ण आणि दुसरीकडून घासाघीस करून काहीतरी मिळतं. विक्रीत एक ते दोन टक्के. म्हणजे एका सौद्यात तुझा तीन-चार महिन्यांचा पगार निघतो, पण तो सौदा व्हायला पाच-सहा महिने सहज जातात. मालक चार भाऊ, एक पुण्याला, एकाचं बाकीच्यांशी बोलणं नाही. पितृपक्षात कुणी सही करत नाही, मग दसरा, मग दिवाळीनंतर बघू. म्हणून घरखर्चाचे निदान आठ-दहा महिन्यांचे पैसे बाजूला पडल्याशिवाय नोकरी सोडू नकोस. तोपर्यंत सकाळी लवकर आणि रविवारी तो रस्त्याचा तक्ता कर, त्याला राजीनामा लागत नाही. आईला पण हा आकडा दाखव, बँकेत एवढे जमले की मग सोडणार असं. घरातल्यांची भीती "सगळं होईल गं" म्हणून जात नाही, पासबुक दाखवून जाते. आणि पहिलं वर्ष कसं जाईल हे आत्ताच माहीत असलेली मुलगी पुढं भेटली तर बरंच ना.

आकडे नीट मांडायला शीक. वरच्याच उदाहरणात 1500 फूट हे सुपर बिल्टअप (म्हणजे भिंती, जिना, लिफ्टचा वाटा धरून) असेल आणि आत वापरायला 1100 फूटच मिळत असेल तर भाडेकरूला खरा दर जवळपास 82 रुपये पडला, हे त्याला तू आधी सांग, नंतर त्यानं स्वतः मोजून तुला विचारायला नको. गुंतवणूकदाराला उलटं सांगायचं, वर्षाला 10 लाख 80 हजार भाडं येतं, त्याला सात टक्के परतावा हवा असेल तर जागेची किंमत सुमारे 1 कोटी 54 लाखांच्या वर परवडत नाही, आठ टक्के हवा असेल तर 1 कोटी 35 लाख. सोलापुरात डॉक्टर, व्यापारी मंडळी अशा भाडं चालू असलेल्या जागा घ्यायला तयार असतात, त्यांना हे साधं गणित कागदावर करून देणारा माणूस मिळत नाही. आणि भाव डबल होणार वगैरे बोलू नकोस. 2025 मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून विमान सुरू झाल्यापासून प्रत्येक गाळ्याच्या जाहिरातीत विमानतळ घुसलाय, पण त्या दुकानात विमानातलं गिऱ्हाईक येणार का हा प्रश्न कुणीच विचारत नाही, तू विचार.

कायद्याचं थोडं सविस्तर लिहिते, कारण सोलापुरात सौदे भाड्यावरून कमी मोडतात, भीतीवरून जास्त मोडतात. जुन्या पेठांतल्या मालकाला एकच भीती असते, भाडेकरू आत घुसला की निघत नाही. त्याच्या आजोबानं वीस रुपयानं दिलेलं दुकान अजून तसंच आहे, मग तो वरचा मजला कुलूप लावून ठेवतो पण देत नाही. त्याला शांतपणे समजावून सांगता आलं पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, त्याच्या कलम 3 प्रमाणं बँका, सरकारी कंपन्या आणि 1 कोटी किंवा जास्त भरणा भांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेले पैसे) असलेल्या प्रायव्हेट-पब्लिक लिमिटेड कंपन्या, यांना दिलेल्या जागेला हा कायदाच लागू होत नाही. म्हणजे मोठ्या कंपनीला जागा दिली तर आजोबांच्या भाडेकरूसारखं संरक्षण तिला मिळत नाही. हे कळल्यावर कुलपं उघडलेली मी बघितली आहेत.

दुसरं, ते "अकरा महिन्यांचा करार केला की रजिस्टर करायची गरज नाही" हे इथं सगळेच बोलतात, स्टॅम्प पेपर विकणारा पण बोलतो. महाराष्ट्रात याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणं भाडेकरार असो नाहीतर लीव्ह अँड लायसन्स, मुदत कितीही असो, लेखी आणि रजिस्टर लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. केला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारापर्यंत दंड, पण त्याहून मोठं म्हणजे वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. एवढं वाक्य मालकाला सांगितलं की तो स्वतःच विचारतो रजिस्टर कधी करायचं. खर्च पण फार नाही, लीव्ह अँड लायसन्सला 60 महिन्यांपर्यंत एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं दहा टक्के वार्षिक व्याज, या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक. आपल्या 90 हजाराच्या शोरूमला पाच वर्षं, 5 लाख 40 हजार डिपॉझिट धरलं तर भाडेवाढ सोडून 14 हजार 175 रुपये, वर शहरात हजार रुपये नोंदणी फी. आणि करार वकिलाकडूनच करून घे, तू लॉक-इन, भाडेवाढ, फर्निचरसाठी बिनभाड्याचे दिवस, मेंटेनन्स कोण देणार, मिळकत कर कोण भरणार हे मुद्दे आधी दोघांकडून एका कागदावर कबूल करून घ्यायचे. कमर्शियल भाड्यावर 18 टक्के जीएसटी कुणी भरायचा हे तर पहिल्याच बैठकीत, नाहीतर शेवटच्या दिवशी भांडण ठरलेलं.

नवीन कॉम्प्लेक्समधले गाळे विकायचे असतील तर महारेराची (बांधकाम प्रकल्प आणि एजंटांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) एजंट नोंदणी पाहिजेच. 2024 पासून त्यासाठी ट्रेनिंग घेऊन परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र पण लागतं, वैयक्तिक नोंदणीची फी 10 हजार आणि मुदत पाच वर्षं. नोंदणी नसताना विकलंस तर दिवसाला दहा हजार दंड, वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. फक्त भाड्याच्या कामाला ती लागत नाही, तरी मी म्हणते परीक्षा देऊन टाक, अभ्यासात बरंच कळतं.

काकांबद्दल. त्यांच्याकडं कामाला जाऊ नकोस पण त्यांच्याकडून शिक. सातबारा, फेरफार, सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, एनए (बिनशेती) ऑर्डर, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा) वाचायला काकांपेक्षा चांगला मास्तर तुला मिळायचा नाही. गुंठेवारी कुठली, भोगवटादार वर्ग 2 म्हणजे काय, देवस्थान इनामाची जमीन कशी ओळखायची, हे सगळं त्यांच्या बोटावर असणार. पण प्लॉटिंगमधी एकदा शिरलास की दिवसभर लोकांना साइटवर नेण्यात जातो आणि तुझा रस्त्याचा तक्ता अर्धवट पडतो. काकांना तसं मोकळेपणानं सांग, त्यांच्या गिऱ्हाईकाला कधी दुकान लागलं तर तू बघशील आणि तुझ्याकडं कुणी प्लॉट विचारला तर तू त्यांच्याकडं पाठवशील, घरात गोडी राहते.

आता शेवटचा प्रश्न, बाजूला काढण्याचा. होतं हे, सगळ्यांचं होतं. काही गोष्टी पाळल्या की कमी होतं. जागा दाखवायच्या आधी दलाली किती आणि कधी, हे लिहून घे, स्टॅम्पवर नको, व्हॉट्सॲपवर समोरच्यानं "ओके" लिहिलं तरी चालतं. मालकाकडून शक्य असेल तर तीन महिन्यांसाठी फक्त तूच जागा दाखवशील असं पत्र घे, नवीन असताना देणार नाहीत, दुसऱ्या सौद्याला देतील. पैसे रजिस्ट्रेशनच्या दिवशीच, "नंतर बघू" ऐकायचं नाही. दोन्हीकडून घेणार असशील तर दोघांना माहीत पाहिजे, लपवून घेतलेलं पुढं बाहेर येतंच. बिल दे, पॅन टाक, कंपन्या दोन टक्के टीडीएस कापतील तो रिटर्नमधी मिळतो, वर्षाची दलाली 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी कर. आणि सरकारी बँका शाखेसाठी जागा पाहिजे म्हणून पेपरात जाहिरात देतात, त्यात बहुतेक वेळा मध्यस्थ नको, दलाली मिळणार नाही असं छापलेलं असतं. तिथं बँकेकडं मागायला जाऊ नकोस, मालकाला टेंडर भरायला, नकाशा आणि कागद जमवायला मदत कर आणि त्याचे पैसे मालकाशीच आधी ठरव.

तरीसुद्धा एखादा टांग मारणारच. त्याच्या दारात जाऊन भांडू नकोस, लिहिलेलं असेल तर एकदा वकिलाची नोटीस दे, नसेल तर तक्त्यात त्याच्या नावापुढं खूण करून पुढं जा, त्याचा करार पण कधीतरी संपणार आहे आणि ती तारीख तुझ्याकडं लिहिलेली असणार आहे.

या रविवारी होटगी रोडची एक बाजू चालून ये आणि जे कळलं नाही त्याची यादी मला पाठव, त्यातलं मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगते.